त्रेचाळीस नंबरचा दिवा

जबाब, दिनांक २१ नोव्हेंबर २०२५, सकाळी १० वाजून २० मिनिटे.

नाव रज्जाक हुसेन तांबोळी, वय ६२ वर्षे, धंदा अभ्यासिकेत देखरेख, त्यापूर्वी चौतीस वर्षे कारखान्यात वायरमन, राहणार घोरपडे पेठ, पुणे.

मी समक्ष पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता हजर राहून जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी सुगराबी हिच्यासह राहतो. मुलगी सबा लग्न होऊन खराडीला असते. कर्वेनगरमधील कै. गोदाबाई खैरे सार्वजनिक अभ्यासिकेत मी गेली चार वर्षं सकाळी सात ते संध्याकाळी सात देखरेखीचं काम करतो. दार उघडणं, फीच्या पावत्या फाडणं, फोन घेणं, पाण्याचा कूलर भरला आहे का ते बघणं आणि कोणी मोठ्याने बोललं तर त्याच्याकडे नुसतं बघणं, हे माझं काम.

अभ्यासिकेचा सभासद सुदर्शन बद्रीनाथ इंगोले, वय २६, मूळ राहणार जिल्हा वाशीम, हा बेपत्ता असल्याची तक्रार त्याच्या वडिलांनी १९ तारखेस या ठाण्यात दिली आहे. तो १७ तारखेपर्यंत अभ्यासिकेत हजर होता, असं त्या तक्रारीत आहे. ते माझ्या सांगण्यावरून लिहिलं गेलं आणि ते चूक आहे. सुदर्शन अभ्यासिकेत शेवटचा ६ तारखेला होता. म्हणजे आपण सगळे त्याला अकरा दिवस उशिराच्या तारखेपासून शोधतो आहोत. हे दुरुस्त करायला मी आलो आहे.

हवालदारसाहेब म्हणाले, मग तेवढंच लिहू, चार ओळींत होईल. मी म्हणालो, तेवढंच लिहिलं तर उद्या कोणीतरी विचारेल की तांबोळी, अकरा दिवस तुम्ही काय डोळे मिटून बसला होता काय. त्यापेक्षा सगळं लिहून घ्या. त्यांनी दुसरा कागद लावला.

अभ्यासिकेत एकशेवीस जागा आहेत. प्रत्येक जागेला तीन बाजूंनी फळीचा आडोसा, एक खुर्ची, एक दिवा आणि दिव्याचं एक बटण. मुलं-मुली बहुतेक वाशीम, हिंगोली, यवतमाळ, बुलढाणा इकडची. सरकारी परीक्षांचा अभ्यास करतात. कोणी दोन वर्षं करतं, कोणी सहा. सहा वर्षं अभ्यास करणाऱ्याला परीक्षेला किती वेळा बसलास असं विचारायचं नाही, हे मी पहिल्या महिन्यात शिकलो.

खुर्ची कोणाच्या नावावर नसते. फी भरली की हॉलमध्ये यायचा हक्क मिळतो, जागा मात्र जो आधी येईल त्याची. ती धरून ठेवायची पद्धत मुलांनीच पाडली आहे. दिवा चालू असला की जागा भरलेली. दिवा बंद आणि खुर्ची रिकामी असली की कोणीही बसावं. हे कुठेही लिहिलेलं नाही, पण भिंतीवरच्या अठरा नियमांपेक्षा जास्त पाळलं जातं. त्यामुळे माणूस चहाला जातो, जेवायला जातो, खोलीवर जाऊन झोपून येतो, आणि दिवा जळत राहतो. दुपारी दीड वाजता हॉलमध्ये शंभर दिवे असतात आणि तीस डोकी.

सुदर्शन ४३ नंबरला बसायचा. जागा चांगली, पंख्याखालची आणि संडासाच्या दारापासून लांब. सकाळी मी कुलूप काढायला यायचो तेव्हा तो पायरीवर बसलेला असायचा, म्हणून दोन वर्षं ती त्याचीच होती. मुलगा शांत. मला काका म्हणायचा. जाताना दिवा बंद करून, खुर्ची आत सरकवून जाणारा एकशेवीसात तो एकटा. म्हणून माझ्या लक्षात होता. लक्षात होता असं मी समजत होतो. ७ तारखेपासून तो पायरीवर नसतो, हे मला जाणवलंही नाही.

ऑक्टोबर महिन्यात संस्थेने ऊर्जा बचत मोहीम काढली. संस्थेचे सचिव रंगराव खैरे यांनी मला ऊर्जा समन्वयक नेमलं. पगार तोच राहिला, गळ्यात अडकवायला एक हिरवं कार्ड मिळालं. मी त्यांना सांगितलं, "साहेब, हे दिवे नऊ वॅटचे आहेत. एकशेवीस मिळून एका गिझरइतकीसुद्धा खात नाहीत. वीज खातात ते जुने पंखे, कूलर आणि वर तुमच्या केबिनमधला एसी." ते म्हणाले, "तांबोळी, मोहीम नेहमी लोकांच्या सवयीपासून सुरू होते." मी बरं म्हटलं. या वयात माणूस बरं फार म्हणतो.

लोकांना रागावून वीज वाचत नाही, त्यांना समजावलं पाहिजे, असं सचिवांच्या पत्रकात होतं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मी पाट्या लिहायला घेतल्या. रोज एक, खडूने टेबलावर लिहून समोर टांगायची. 'दिवा लावून गेल्याने अभ्यास आपोआप होत नाही.' 'खुर्चीला परीक्षा द्यायची नाही, तिचा दिवा मालवावा.' 'चहाच्या टपरीवर उजेडाची वेगळी सोय आहे.' मुलं हसायची, मोबाईलवर फोटो काढायची आणि दिवा चालू ठेवून चहाला जायची. एकाने खाली खडूने लिहिलं, 'काका, पाटीवरचा बल्ब दिवसा कशाला?' त्याचं बरोबर होतं. मी बल्ब बंद केला. मोहिमेतली तेवढी बचत झाली असं म्हणता येईल.

हवालदारसाहेबांनी विचारलं की याचा बेपत्ता होण्याशी संबंध काय. संबंध आहे.

२ नोव्हेंबरला सचिवांनी विचारलं की पाट्यांचा परिणाम किती टक्के. टक्के कुठून आणायचे, म्हणून मी स्वतः हॉलमध्ये गेलो आणि पाच रिकाम्या खुर्च्यांचे दिवे बंद केले. अर्ध्या तासात त्यातल्या तीन जागांवर दुसरी मुलं बसली. पहिली परत आली. मारामारी होता होता राहिली. एक मुलगी माझ्यासमोर उभी राहून रडली. म्हणाली, "काका, मी सहापासून पायरीवर उभी होते. फक्त पोळी खायला गेले होते." तिला मी काय सांगणार होतो, की बाई, तुझ्या पोळीपायी नऊ वॅट वाया जात होते? त्या दिवशी मी कानाला खडा लावला. हॉलच्या आत पाऊल टाकायचं नाही, जे बघायचं ते दारातून. गुडघेही दुखतात, तेही एक निमित्त झालं. सतरा तारखेपर्यंत मी आत गेलो नाही.

आता फोनबद्दल. परीक्षा जवळ आली की ही मुलं मोबाईल बंद करून ट्रंकेत टाकतात. सुदर्शननेही तसं केलं होतं आणि घरी अभ्यासिकेच्या टेबलावरचा नंबर दिला होता. त्याचे वडील बद्रीनाथ इंगोले गावात ग्रामपंचायतीचं पाणी सोडण्याचं काम करतात. सकाळचं पाणी सोडून झालं की साडेनऊच्या सुमारास त्यांचा फोन यायचा, आठवड्यातून एकदोनदा.

९ तारखेला, रविवारी, त्यांचा फोन आला. "नमस्कार जी. सुदर्शन हाये का तिथं?" मी उठून हॉलच्या दारापर्यंत गेलो. दारातून ४३चा माणूस दिसत नाही, आडोसा मध्ये येतो. फळीच्या वर उजेड तेवढा दिसतो. उजेड होता. परत येऊन सांगितलं, "आहे. अभ्यास करतोय. बोलावू का?" ते म्हणाले, "नोका बलावू जी, त्याचा अभ्यास मोडन. त्याले फक्त सांगा, घरी समदं बरं हाये." मी सांगतो म्हटलं. फोन ठेवला, कोणीतरी पावतीला आलं, आणि मी विसरलो. तो निरोप द्यायला दहा पावलं आत गेलो असतो, तर खुर्ची रिकामी आहे हे मला त्याच दिवशी कळलं असतं.

१३ तारखेला पुन्हा फोन आला. त्या दिवशी मी उठलो नाही. हॉलच्या दाराला काच आहे. खुर्चीतूनच मान लांब करून पाहिलं, उजेड होता. आहे म्हटलं.

१७ तारखेला, सोमवारी, मी मानही वळवली नाही. फोन कानाला, हातात खडू, सवयीने म्हटलं, "आहे, आहे." ते म्हणाले, "त्याची माय म्हन्ते आवाज आयकाचा हाये. पन राहू द्या जी. तुमी रोज पाह्यता ना त्याले, मंग झालं." मी हो म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझा उंट म्हणजे टेबलामागची खुर्ची.

दिव्यांची कटकट संपेना म्हणून मी मधल्या काळात एक वेगळी युक्ती काढली होती. जागेचा हक्क दिव्याकडून काढून पुठ्ठ्याला द्यायचा. एकशेवीस पुठ्ठे कापले, प्रत्येकावर जागेचा नंबर लिहिला. बाहेर जाताना दिवा बंद करायचा, पुठ्ठ्यावर नाव आणि निघाल्याची वेळ लिहून तो खुर्चीवर ठेवायचा, एक तासापर्यंत जागा तुमची. हे मी सगळ्यांना तीनतीनदा समजावलं. पाटीचं न ऐकणारी मुलं पुठ्ठ्याला तयार झाली, कारण पुठ्ठ्यात त्यांचा फायदा होता. माणसाला वाचवायला सांगू नये, त्याचं काय वाचतं ते दाखवावं. हे मला ऊर्जा समन्वयक झाल्यावर दीड महिन्याने कळलं.

१८ तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता मी पुठ्ठे वाटायला घेतले. टेबलावरून नंबर पुकारायचा, मुलाने येऊन सही करून न्यायचा. त्रेचाळीस पुकारला. कोणी आलं नाही. पुन्हा पुकारला. मग मी आत गेलो. दिवा चालू होता. खुर्ची रिकामी होती, टेबलावर वही नाही, पुस्तक नाही, पाण्याची बाटली नाही. फळीवर धूळ होती. बोट फिरवून पाहिलं.

शेजारच्या ४२ नंबरची राजनंदिनी उभी राहिली. ती यवतमाळ जिल्ह्यातली, वय २४. म्हणाली, "काका, त्याची जागा मी धरलीय. तो गावाला गेलाय." ५ तारखेच्या संध्याकाळी सुदर्शनने तिला सांगितलं होतं की उद्या दुपारी निघून दोन-तीन दिवस गावी जाऊन येतो, जागा धर. ७ तारखेपासून ती रोज सकाळी सातला येऊन आधी त्याचा दिवा लावायची, मग स्वतःचा. जाताना दोन्ही बंद करायची. दोन-तीनाचे अकरा दिवस झाले तेव्हा तिला वाटलं, दिवाळीला गेला नव्हता, म्हणून आईने ठेवून घेतलं असेल. गावी गेलेल्या माणसाचा फोन बंद आहे म्हणून कोण काळजी करतं? तिचा यात काही दोष नाही, हे मी स्पष्टपणे नमूद करतो. मागच्या वर्षी तिची आजी वारली तेव्हा सुदर्शनने तिची जागा नऊ दिवस अशीच धरली होती. पुण्यात यांचं कोणी नसतं. एकमेकांचा दिवा लावतात, तेवढंच असतं.

म्हणजे इथल्या मुलीला वाटत होतं तो गावी आहे, आणि गावच्या बापाला वाटत होतं तो इथे आहे. मधला फोन माझ्याकडे होता.

मी तिथूनच टेबलावर येऊन वडिलांना फोन लावला. सुदर्शन घरी आला आहे का विचारलं. ते म्हणाले, "इकडं कशाले येईन जी तो? काल तर व्हता ना तिथं?"

मी म्हटलं, "हो. काल होता."

हे मी खोटं बोललो. हवालदारसाहेब म्हणाले की 'नजरचुकीने चुकीची माहिती दिली' असं लिहू, ते बरं दिसतं. मी म्हणालो, नजरच नव्हती तर नजरचूक कुठली. खोटं बोललो असंच लिहा. त्या वेळी एवढंच डोक्यात आलं की हा माणूस आता विचारेल, मग तुम्ही तीनदा काय पाहिलं.

रात्रीच्या बसने निघून ते १९ तारखेला सकाळी पुण्यात उतरले. मी त्यांना घेऊन इथे आलो. त्यांनी तक्रार दिली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. शेवटचं कधी दिसला, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सतरा तारखेपर्यंत व्हता. यायनं पाह्यलं." मी मान हलवली. त्याच दिवशी आपले कर्मचारी अभ्यासिकेतून १६ आणि १७ तारखेचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन गेले. त्यात तो नव्हता. तो मागच्या दाराने ये-जा करत असावा, असं आपल्याकडे ठरलं. मागच्या दाराला दोन वर्षं कुलूप आहे आणि त्याची किल्ली माझ्या खिशात असते. तरीही मी बोललो नाही. राजनंदिनीला कोणी विचारलं नाही आणि तिचं नावही मी कोणाला सांगितलं नाही.

बद्रीनाथ यांचं पुण्यात कोणी नाही, म्हणून १९ आणि २० या दोन्ही दिवशी मी त्यांना माझ्या घरी नेलं. जेवले, झोपले. झोपले म्हणजे आडवे झाले. मुलगा खोलीवर एकटाच राहायचा आणि खोलीला कुलूप होतं, म्हणून दिवसा ते त्याचा फोटो घेऊन स्टॉपवर, मेसमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत फिरत होते, आणि सगळ्यांना विचारत होते, सतरा तारखेनंतर पाह्यलं का. सतरानंतर कोणी कसं पाहिलं असेल? लोक नाही म्हणायचे, ते पुढच्या दुकानात जायचे. मी त्यांच्याबरोबर फिरलो. त्यांना प्रत्येक ठिकाणी चुकीचा प्रश्न विचारताना ऐकलं. काल जेवताना ते सुगराबीला म्हणाले, "ताई, तुमच्या घरचा मानूस तिथं होता म्हनून मले धीर होता. नाही त मी कवाच आलो असतो." मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

ते झोपायला गेल्यावर सुगराबीने मला विचारलं, "त्यांना वाढताना तुम्ही त्यांच्याकडे बघत का नाही?" मी तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "त्यांना जेवू घालून हे फिटायचं नाही. सकाळी चहा पिऊन जा, पण जा." तिने एवढं बोलून दिवा मालवला.

आज सकाळी निघताना मी सचिवांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "संस्थेचं नाव मध्ये येईल. सतरा लिहिलंय ना, राहू द्या. मुलगा सापडायचा तर सापडेल. आणि मोहिमेचा अहवाल याच महिन्यात जायचाय." या वेळी मी बरं म्हटलं नाही. नोकरी राहील असं वाटत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे लिहून घ्यावं.

इथे येण्यापूर्वी मी सकाळी साडेसहाला अभ्यासिका उघडली. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं, त्यानंतर त्याच्यावर नवीन चढतं. ६ तारखेचं आज पुसलं जाणार होतं. म्हणून आजच यायला हवं होतं. सबाच्या नवऱ्याला फोन करून, तो सांगेल तसं करत ते मी पेन ड्राईव्हवर काढलं. पेन ड्राईव्ह या जबाबासोबत जमा केला आहे. मी ते तीन वेळा पाहिलं. त्यात दिसतं ते असं.

६ तारखेला दुपारी चार वाजून आठ मिनिटांनी सुदर्शन ४३ नंबरवरून उठतो. वह्या-पुस्तकं सगळी बॅगेत भरतो. दिवा बंद करतो. खुर्ची आत सरकवतो. हॉलच्या दारातून बाहेर येतो आणि माझ्या टेबलापाशी थांबतो. मी टेबलावर वाकून पाटी लिहितो आहे. ती पाटी मला आठवते. 'पंख्याखाली कोणी नसेल तर पंखा कोणाला वारा घालतो?' अक्षर तिरकं जात होतं, म्हणून मी पट्टी धरून लिहीत होतो. सुदर्शनचे ओठ हलतात. रेकॉर्डिंगला आवाज नाही. मी वर बघत नाही. डावा हात वर करून, थांब, असं करतो.

तो थांबतो. घड्याळाप्रमाणे एक मिनिट वीस सेकंद. बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर करतो. माझ्या पाटीकडे बघतो. मग चार वाजून बारा मिनिटांनी पायऱ्या उतरून जातो. मी वर बघितलं तेव्हा समोर कोणी नव्हतं. मला वाटलं, कोणी पावतीला आलं असेल, येईल परत.

तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. जातो म्हणाला असेल. फोन मागितला असेल. निकालाचं काही असेल, खोलीचं असेल, पोटात दुखत असेल. ती पाटी नसती तर मी वर बघितलं असतं का, हेही मला खात्रीने सांगता येत नाही. मला फार वाईट वाटतं. एवढं वाईट मला माझ्या आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे. हे जबाबात बसत नसेल तर वगळावं.

माझी विनंती आहे की शोध ६ तारखेच्या दुपारी चार वाजून बारा मिनिटांपासून घ्यावा. अभ्यासिकेसमोरच्या औषधाच्या दुकानालाही कॅमेरा आहे. मी अभ्यासिकेतून निघताना मालकाला विचारलं. त्यांचं रेकॉर्डिंग महिनाभर राहतं. त्यात तो डावीकडे स्टॉपकडे गेला की उजवीकडे नदीच्या बाजूला, ते दिसेल. मालक कोणी आलं तर दाखवतो म्हणाले आहेत. ते दुपारी दोनला दुकान बंद करून जेवायला जातात, त्याआधी जावं.

अभ्यासिकेतून घरी परत जाऊन मी बद्रीनाथ इंगोले यांना सोबत घेऊन आलो आहे. मी कसलीतरी राहिलेली सही करायला आलो आहे असं त्यांना वाटतं. ते बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. वाटेत बसमध्ये दोनदा तोंड उघडलं आणि पुढच्या स्टॉपचं नाव सांगितलं.

इथपर्यंतचा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. मी विनंती केली की वाचू नका, आत काय आहे ते मला पाठ आहे, मी तशीच सही करतो. ते म्हणाले, वाचल्याशिवाय सही घेता येत नाही. ते वाचत असताना बद्रीनाथ पाणी प्यायला म्हणून आत आले आणि मुलाचं नाव ऐकून दाराशी उभे राहिले. हवालदारसाहेब थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना वाचा म्हणून सांगितलं. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मी खाली बघत होतो.

वाचून झाल्यावर बद्रीनाथ दारातून पुढे आले. शिवी दिली नाही, हात उचलला नाही. बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी एकच विचारलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं असं मी सांगितलं. ते म्हणाले, "त्या रेकाडात तुमी त्याले पाह्यलं ना जी? त्यानं सुटर घेतलं व्हतं का संगं?"

मी सांगितलं की घेतलं होतं. निळ्या रंगाचं, बाह्या कमरेला बांधलेल्या. हे मी स्वतः पाहिलं आहे.

हा वाढवलेला मजकूरही दोघांसमोर वाचून झाला. सगळा माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि खरा आहे.

सही: रज्जाक हुसेन तांबोळी

समक्ष: बजरंग ढमढेरे, पोलीस हवालदार